धुई उठेपर्यंत

फोनचा पडदा पांढरा झाला तेव्हा इंद्रायणीला आधी वाटलं, चहाची वाफ आपल्याच चष्म्यावर आली. तिनं पदराच्या टोकानं काचा पुसल्या, चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि पिठाच्या डब्याला टेकवून उभ्या केलेल्या फोनकडं पाहिलं. पडदा पांढराच होता. आत्ता घडीभरापूर्वी तिथं डोंगर होता, त्याच्या उतारावर तरवडासारखी पिवळीजर्द फुलं होती, आणि फुलांच्या कडेकडेनं चालणारे छकुलीचे बूट होते. आता नुसता दुधाळ उजेड, आणि त्या उजेडातून छकुलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. गॅसवरचा चहा उतू जाऊन बर्नरवर फसफसला, तरी इंद्रायणीचा हात बटणाकडं गेला नाही.

"छकुली, फोन खिशात पडला का गं?"

"न्हाई आई. धुकं आलं. एकदम आलं. माझा हात दिसून राह्यला, त्याच्या पुढचं काहीच न्हाई."

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर नवीन जालन्याचं ऊन पत्र्यांवर तापलं होतं. स्टेशनाकडं जाणाऱ्या ऑटोंचे हॉर्न, समोरच्या गल्लीतला कूलरचा खडखडाट, सगळं जागच्या जागी होतं. दुपारचे साडेचार. तिकडं एक वाजला असणार, साडेतीन तास वजा करायचे हे इंद्रायणीला आता बोटांवर न मोजता जमायचं. तीन वर्षं झाली होती छकुलीला स्पेनला जाऊन. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त होतं, तिथल्या विद्यापीठाच्या दारावर ते डॉक्टर लावून लिहिणार होते म्हणे, पण घरात ती छकुलीच. डाळींच्या वाणांवर शिकत होती. "हरभऱ्यासाठी एवढ्या लांब? आपल्या गोदामात पोती पडलेत की," असं रामकिसन, तिचा बाप, विमानतळापर्यंत म्हणत गेला होता आणि मग तिथल्या काचेच्या दाराशी एकदम गप्प झाला होता. बियाण्याच्या गोदामात तीस वर्षं काढलेला माणूस, पोरगी बियाण्यातच मोठी झाली याचा त्याला केवढा अभिमान, पण तो अभिमान त्या दिवशी त्याच्या काही कामाला आला नाही.

पहिलं वर्ष फोनवर बोलायला विषयच पुरायचा नाही. जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. छकुली प्रयोगशाळेतलं सांगायला लागली की इंद्रायणी हं हं करायची, आणि आपलं हं हं पोरीला कळतं आहे हेही तिला कळायचं. मग एका रविवारी छकुली चालायला गेली. तिकडं म्हणे लोक सुट्टीच्या दिवशी उगीचच चालतात, देवाला नाही, बाजाराला नाही, कुणाच्या लग्नाला नाही. या गावातून निघायचं, रान तुडवायचं, त्या गावात पोचायचं आणि परत यायचं. वाट चुकू नये म्हणून दगडांवर, झाडाच्या खोडांवर, कुंपणाच्या खांबांवर पांढरा आणि पिवळा असे दोन पट्टे ओढून ठेवलेले. दोन पट्टे म्हणजे वाट बराबर. त्याच रंगांची फुली दिसली तर इकडून जाऊ नका. छकुलीनं चालता चालता फोन लावला आणि इंद्रायणीनं पहिल्यांदा ते रान पाहिलं: दगडी देवळाच्या मनोऱ्यावर करकोच्यानं बांधलेलं टोपल्याएवढं घरटं, नदीकाठी सरळ रेषेत उभी झाडं, रस्त्याच्या कडेला दगडी कुंड आणि त्यात वाहतं पाणी. इंद्रायणी त्या कुंडाकडं बघून म्हणाली होती, "हे जनावरासाठी हाय. इथून मेंढरं जातात." छकुली थांबली. तिनं बाजूची पाटी वाचली आणि ओरडलीच, "आई! खरंच गं! ही जुनी मेंढ्यांची वाट आहे. पाचशे-सहाशे वर्षांची. तुला कसं कळलं?" कसं कळलं म्हणजे? कुंडाचा काठ गुडघ्याखाली होता, आणि काठाचा दगड एका बाजूनं माना घासून गुळगुळीत झाला होता. त्याला काय शिकावं लागतं? पण पोरीच्या आवाजातलं ते नवल इंद्रायणीनं आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं. शेजारच्या मीनाला दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून दर रविवारी साडेबाराला ती वरणाला फोडणी घालून मोकळी व्हायची, आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून छकुलीबरोबर चालायला निघायची.

आणि खरं सांगायचं तर इथंच तिचं चुकलं. चुकलं हे तिला आत्ता, बर्नरवर करपणाऱ्या चहाच्या वासात, एका झटक्यात कळलं. गेल्या महिन्यात छकुली एका फाट्यावर पट्टे शोधत उभी होती, तेव्हा इंद्रायणी ठसक्यात म्हणाली होती, "रंगाकडं काय बघती? रंग माणसानं मारलेला. मेंढराची वाट धर. मेंढराची वाट कधी न कधी माणसापाशीच जाती." त्या दिवशी ती वाट खरंच एका वाडीत निघाली होती, आणि छकुलीनं नंतर मैत्रिणींना सांगितलं होतं की माझी आई जालन्यात बसून स्पेनमधली वाट दाखवते. केवढी फुशारली होती इंद्रायणी. रामकिसनला म्हणाली होती, "तुमच्या गोदामातलं एक बी तरी तिच्या कामाला आलं का?" पोरीच्या सगळ्या मोठ्या जगात आपल्याला येणारी एवढीच एक गोष्ट, तर ती आणखी थोडी, आणखी थोडी करून दाखवावी असं तिला वाटत गेलं.

"पट्टे कुठं हायेत?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला.

"पट्टे मघाच सोडले. फुली होती तिथं. पण बाजूनं मेंढ्यांची वाट होती, चांगली मळलेली. तूच म्हणली व्हती ना."

"व्हय. म्हणले व्हते." इंद्रायणीनं ओठ आवळले. "खाली बघ. लेंड्या हायेत का?"

"आहेत."

"वल्ल्या का वाळक्या?"

"आई, मी काय लेंड्या हातात घेऊ?"

"मंग काय चमच्यानं घेती?"

तिकडून छकुली हसली. त्या हसण्यानं इंद्रायणीला जरा धीर आला. पोरगी हसते आहे म्हणजे अजून घाबरलेली नाही. वल्ल्या आहेत, छकुली म्हणाली. खुरं कुणीकडं, इंद्रायणीनं विचारलं. वर. सगळी वर? सगळी वर, आई. वर म्हणजे काय? तिच्या लहानपणीच्या रानात वर असं काही नव्हतंच. आष्टीपासून कुंभार पिंपळगावपर्यंत काळी सपाट जमीन, मेंढरं सकाळी पांगायची आणि सांजच्याला माणसांकडं यायची, कारण रोज रात्री ती कुणाच्या तरी शेतात बसवायची असायची, खतासाठी. म्हणून मेंढराची वाट माणसापाशी जायची. यात मेंढराचं काही शहाणपण नव्हतं, ती सगळी तिच्या मेंढपाळ बापाची मेहनत होती.

"तिकडं मेंढरं रात्रीला कुठं ऱ्हातात गं?"

"उन्हाळ्यात वरच राहतात. तीन-चार महिने. डोंगरावरच."

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठं?"

खरंच, तिनं विचारलं नव्हतं. तेवढ्यात झोपेतून उठलेला रामकिसन बनियनवर आत आला, त्यानं आधी गॅस बंद केला आणि काय झालं, काय झालं करू लागला. छकुली सांगत होती की धुकं यायच्या आधी डाव्या हाताला तिला कडा दिसला होता, पण आता डावा हात कुठला हेच तिला नीट सांगता येत नाही, कारण मघाशी ती दोनदा वळली होती. ती हळूहळू खाली उतरून पट्ट्यांपर्यंत जाऊ शकेल असं तिला वाटत होतं. फोनची बॅटरी सात टक्के होती. सकाळपासून तीनदा व्हिडिओ लावून तिनं आईला फुलं दाखवली होती, झरा दाखवला होता, एका गाढवाचं पिल्लू तर दहा मिनिटं दाखवलं होतं. इंद्रायणीनंच म्हटलं होतं, अजून जवळून दाखव.

"उतरायचं न्हाई," इंद्रायणी म्हणाली. "बस तिथंच."

"आई, पण..."

"धुईत चालायचं नसतं. बसायचं असतं. पाठीला दगड हाय का एखादा? त्याला टेकून बस. स्वेटर घाल. आन् फोन बंद कर."

"फोन बंद?" रामकिसन आणि छकुली एकाच वेळी म्हणाले.

"बंद कर. एक घंटा बस. धुई न्हाई उठली तर तिथल्या पोलिसाचा जो नंबर आसंल त्याला लाव. तेवढ्यासाठी बॅटरी ठिव. माझ्याशी बोलण्यात घालवू नको."

मग छकुली लहान आवाजात म्हणाली, "तू ठेव आधी." हे त्यांचं नेहमीचं होतं. दर रविवारी कोण आधी ठेवणार यावर पाच मिनिटं जायची. तू ठेव, न्हाई तू ठेव, आणि शेवटी रामकिसन कंटाळून येऊन लाल बटण दाबायचा. आज इंद्रायणीनं हात पुढं केला. पडद्यावर पांढरं होतं, त्यात छकुलीच्या कपाळाचा एक कोपरा होता. "माझंच चुकलं, माय," ती म्हणाली, आणि तिनंच दाबलं.

पुढचा सगळा वेळ ती जमिनीवर बसून होती, गॅसच्या ओट्याला पाठ लावून. रामकिसननं दोनदा म्हटलं, खुर्चीवर बस, पंख्याखाली बस. पण पोरीला बस म्हणून सांगितलं आणि आपण इकडून तिकडं चालायला लागलो तर तीही उठेल, असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनानं घेतलं होतं. हे वेडेपण तिला कळत होतं, तरी ती हलली नाही. रामकिसन बाहेरच्या खोलीत फोनवर स्पेनच्या पोलिसांचा नंबर शोधत होता आणि शोधताना मोठ्यानं वाचत होता, आणि मधूनच "हिला काय सुचलं फोन बंद कर म्हणायला" असं भिंतीला सांगत होता. बाहेर चाळीस डिग्री ऊन, आणि इंद्रायणीच्या पायाचे तळवे गार पडले होते. अशीच एक धुई तिला आठवली. ती नऊ वर्षांची असेल तेव्हा. पौषातली सकाळ, कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, गोदावरीच्या बाजूनं धुई आली ती भिंतीसारखी. तिचा बाप कडूबा, तिचा आबा, कळपाच्या पुढं होता आणि ती मागं, एक लंगडं कोकरू काखेत घेऊन. एका घटकेत बाप दिसेना, मेंढरं दिसेनात, आपले पाय दिसेनात. ती रडत पळायला लागणार तोच पुढून आवाज आला, हिर्रर्र, जिभेच्या टोकावरून काढलेला. मेंढरांना थांबवायचा आवाज. आणि मग बापाचं बोलणं, अगदी सावकाश, जसं काही तो चुलीपाशी बसला आहे: "खाली बस गं इंद्रे. कोकराला धरून बस. म्या हितंच हाय." ती बसली. तो आला नाही. तो येईल असं तिला वाटलं होतं, पण तो आला नाही, कारण तो हलला असता तर मेंढरं हलली असती. तो नुसता थोड्या थोड्या वेळानं तो आवाज काढायचा. हिर्रर्र. मध्ये शांतता. पुन्हा हिर्रर्र. त्या आवाजात शब्द नव्हते, तरी तिला सगळं समजत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कोकराच्या पोटाची ऊब तिच्या पोटाला लागत होती आणि तिला चक्क झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन होतं, आणि बाप वीस पावलांवर उभा होता, इतक्या जवळ.

मी तर फोन बंद केला, तिला वाटलं. आबा तरी आवाज देत होता.

आणि त्याच कळपाच्या मागून दुसरं एक आठवलं, जे ती आठवायचं टाळत आली होती. सांज झाली की बाप वाघूर लावायचा, म्हणजे खुंट्यांना बांधलेली दोरीची जाळी, आणि तिच्या तोंडाशी पाय फाकवून उभा राहायचा. मेंढरं एकेक करून आत जायची. तो मोजायचा नाही. मेंढरं तोंडानं मोजायची नसतात, कुणाला आकडा विचारायचा नसतो, हे तिला चालायला यायच्या आधी शिकवलेलं. तो फक्त प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवायचा. मग चुलीपासून आई विचारायची, "आली का सगळी?" आणि बाप म्हणायचा, "आली." ते ऐकल्यावर भाकरी ताटात पडायची, तोवर नाही. एकदा एक मेंढी राहिली होती तर त्या दिवशी कुणी तो शब्द काढला नाही आणि कुणी जेवलं नाही, तिचा भाऊ सुग्रीव तीन वर्षांचा होता, तोही नाही. लग्नानंतर इंद्रायणीनं ही गोष्ट रामकिसनला सांगितली. शेतकरी घरातला, मेंढरांशी त्याचा काही संबंध नाही, पण त्याला तिची इतकी मजा वाटली की दिवेलागणीला डास येतात म्हणून दार लावताना तो रोज मुद्दाम आवाज चढवून विचारायचा, "आली का सगळी?" शाळेतून, शिकवणीतून, मैत्रिणीकडून छकुली आलेली असायची. इंद्रायणी म्हणायची, "आली." छकुलीला तो आपल्या आई-बापाचा काहीतरी खुळा खेळ वाटायचा. तिला विमानात बसवून परत आले त्या संध्याकाळी रामकिसननं कडी लावली आणि सवयीनं विचारलं. इंद्रायणीच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही, ना त्या दिवशी ना नंतर. तीन वर्षं नुसता कडीचा आवाज यायचा, आणि ती ताटं घ्यायची.

वाघूर रोज दुसऱ्याच शेतात लागायची, हे तिला ओट्याशी बसल्या बसल्या आठवलं. आज पाटलाच्या, उद्या अनोळखी कुणाच्या. घर म्हणावं अशी जागा तर वर्षातले आठ महिने नव्हतीच. तरी आबा रोज म्हणायचा, आली. ती नुसतीच आठवण होती, तिचं पुढं काय करायचं हे इंद्रायणीला सुचलं नाही. घड्याळात पावणेसहा झाले होते, तास उलटून वर पाव तास. पोलिसाला लावला असेल का तिनं? का बॅटरी संपली? का ती उठून चालायला लागली? इंद्रायणीनं डोळे मिटले. तिच्या जिभेचं टोक टाळूला लागलं आणि काही कळायच्या आत तिच्या तोंडून तो आवाज निघाला. हिर्रर्र. पत्र्याच्या डब्यांवर तो घुमला. बाहेरच्या खोलीतला रामकिसन एकदम गप्प झाला. तीस वर्षांच्या संसारात त्यानं हा आवाज ऐकला नव्हता. ती थांबली, आणि पुन्हा काढला. हिर्रर्र. तो आत आला, तिच्याकडं बघत उभा राहिला, मग गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसला, ओट्याला पाठ लावून, तिच्या शेजारी. तिचा आवाज थकला तेव्हा त्यानं उठून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पुन्हा बसला.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. नंबर अनोळखी होता, पण तिकडचाच, अधिक चौतीसनं सुरू होणारा. इंद्रायणीनंच उचलला.

"आई, मी. माझा फोन बंद पडला. हा दुसऱ्याचा आहे."

ती नुसती हं म्हणाली, तीन वर्षांपूर्वीसारखं.

छकुली बोलत सुटली होती. धुकं वरून उठेल असं तिला वाटलं होतं, पण ते खालून उठलं, आधी गवत दिसलं, मग दगड. एक तास होत आला होता, ती पोलिसाला लावणारच होती, तेवढ्यात घंटा ऐकू आल्या. मग एक पांढरा कुत्रा आला, वासराएवढा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. ती हलली नाही. त्याच्यामागं एक म्हातारा मेंढपाळ आला, त्यानं तिला पाव दिला, चीज दिलं, आणि खूप रागावला. "काय म्हणत होता ते सगळं न्हाई कळलं आई, पण तू रागावल्यासारखाच रागावला." आणि मग तिचा आवाज खाली आला. "मी जिथं बसले होते ना आई, तिथून पंधरा पावलांवर तो कडा होता." इंद्रायणीनं घाईनं विषय वळवला.

"तो म्हातारा कुठं हाय?"

"हा काय, शेजारीच. मेंढ्या जाळीत घेऊन राह्यला. वर पुन्हा धुकं येणार म्हणतो, म्हणून लवकर घेतोय. मग मला खाली गावापर्यंत सोडणार आहे. विचारू का त्याला, किती आहेत?"

"न्हाई," इंद्रायणी घाईनं म्हणाली. "ते नसतं इचारायचं. त्याला माझा राम राम सांग."

छकुलीनं काहीतरी सांगितलं. लांबून एक जाड, खरखरीत आवाज आला, त्यातला एक शब्द इंद्रायणीला समजला नाही, आणि मागं घंटा वाजत होत्या, थोड्या थोड्या अंतरानं, एकामागून एक. जाळीच्या तोंडातून आत जाताना वाजाव्यात तशाच. इंद्रायणी कान देऊन ऐकत राहिली. शेवटची घंटा वाजून थांबेपर्यंत तिनं फोन कानाशी घट्ट धरून ठेवला.

"इथून पुढं रंगाकडंच बघत जा," ती म्हणाली.

"आणि लेंड्या?"

"त्या बी बघ. पण फुली आसली तर जायचं न्हाई. म्या म्हणले तरी न्हाई."

"आई, दुसऱ्याचा फोन आहे. ठेवते आता." आणि छकुलीनं आधी ठेवला.

रामकिसन तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आत राहिला. इंद्रायणीनं करपलेलं भांडं घासलं, बर्नर पुसला, पीठ मळलं. भाकरी थापताना हाताला नेहमीचा ताल सापडेना, पहिल्या दोन वेड्यावाकड्या झाल्या. बाहेर ऊन उतरलं, गल्लीतले दिवे लागले, कुणाच्या तरी घरात आरती सुरू झाली. दारापाशी रामकिसनच्या चपलांचा आवाज आला. डास यायला लागले होते. दार ओढल्याचं तिनं ऐकलं, कडीवर हात गेल्याचंही ऐकलं, पण कडी पडली नाही. तो तिथंच उभा होता.

"इंद्रायणी," तो म्हणाला. मग आवाज न चढवता, जवळजवळ भीत भीत विचारलं, "आली का सगळी?"

तव्यावरची भाकरी फुगली होती. इंद्रायणीनं ती उलटली, हात पदराला पुसला.

"आली," ती म्हणाली, आणि ताटं घेतली.